हातगुण आणि शब्दगुण

‘अमुक डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ असे आपण सहज म्हणतो. औषध तेच, मात्रा तीच, पथ्यही तेच. परंतु एकाच्या हातून घेतले तर उतार पडतो आणि दुसऱ्याच्या हातून घेतले तर पडत नाही, असा अनुभव घरोघरी सांगितला जातो. शिकलेली मंडळी यावर हसतात आणि ‘मनाचे खेळ’ म्हणून विषय सोडून देतात. आम्ही पेशाने शिक्षक आहोत; वैद्यकाचे शिक्षण आम्हांस नाही. तथापि घरातील एका जुन्या दुखण्यापायी गेली काही वर्षे या विषयावर पुष्कळ वाचावे लागले व डॉक्टरमंडळींस पुष्कळ विचारावे लागले. त्यावरून आमची अशी खात्री झाली आहे की, हातगुण ही गोष्ट खरी आहे. शास्त्राने ती मोजूनही पाहिली आहे. मात्र तिचा बराचसा भाग हातात नसून जिभेत आहे. डॉक्टर रोग्याशी काय बोलतात यावर रोगी औषधाकडून काय अपेक्षा करतो हे ठरते, आणि त्या अपेक्षेवर औषधाचा गुणही काही अंशी ठरतो. स्मरणिकेच्या वाचकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण इतकेच की, जेथे कोणाचे गुडघे, कोणाची कंबर किंवा कोणाची मान वर्षानुवर्षे दुखत नाही असे घर आपल्या विजय नगरात विरळाच सापडेल.

नवे दुखणे व जुने दुखणे

दारात बोट सापडले तर कळ येते, चार दिवस ठणकते आणि जाते. हे नवे दुखणे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना ती जुनी वेदना, असे वैद्यकशास्त्र मानते. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची जी नवी वर्गवारी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तीत जुन्या वेदनेस स्वतंत्र स्थान मिळाले आहे. म्हणजे ती केवळ दुसऱ्या कोणत्या रोगाची सावली नसून स्वतःही एक व्याधी असू शकते, हे आता मान्य झाले आहे.

दोहोंतील फरक शाळेच्या घंटेवरून समजावून घेता येईल. शाळेत आग लागली तर आपण घंटा वाजवतो. आग विझली की घंटा थांबते. नवे दुखणे तसे असते. जुन्या दुखण्यात पुष्कळदा आग विझून गेलेली असते आणि घंटा वाजतच राहते. किंवा आग असते चुलीएवढी, आणि घंटा मात्र वाडा पेटल्यासारखी वाजते. घंटेचा हा दोर कोठे असतो? १९६५ साली मेलझॅक व वॉल या दोन संशोधकांनी असे मांडले की, शरीराकडून येणारी वेदनेची वर्दी मज्जारज्जूतील एका दारातून वर जाते, आणि ते दार किती उघडावे याविषयी मेंदूही वरून हुकूम देत असतो. त्या कल्पनेत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मुख्य मुद्दा टिकून राहिला. भीती, लक्ष आणि अपेक्षा ही मेंदूतली कामे होत; म्हणून ती वेदना वाढवू शकतात व कमीही करू शकतात. यावरून वेदना खोटी ठरत नाही. घंटा खरोखरच वाजते आहे. कोण वाजवतो आहे एवढाच प्रश्न आहे.

अशी दुखणी किती असतात याची मोजदाद महाराष्ट्रात झालेली आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने अनेक देशांत चाललेल्या पाहणीचाच तो भाग होता. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांस, म्हणजे शेकडा अठरांना, हाडे, सांधे वा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. सांधे वाकडे करणारा जो भयंकर संधिवात, तो मात्र शेकडा अर्ध्याच्या आसपास. बाकीच्यांत वयपरत्वे होणारी सांध्यांची झीज, स्नायूंचे व स्नायुबंधांचे दुखणे असे प्रकार पुष्कळ होते. म्हणजे बहुतेकांचे दुखणे प्राणघातक नव्हते. पण एका सुईने मुळापासून उपटून निघेल असेही नव्हते. नेमक्या अशाच दुखण्यांत डॉक्टरांच्या शब्दाचे वजन सर्वांत अधिक असते.

आमच्या अम्मींचे गुडघे

आमच्या अम्मींनी सत्तरी ओलांडली आहे. गुडघे दुखू लागले तेव्हा एका डॉक्टरांकडे त्यांना नेले. डॉक्टरसाहेबांनी क्ष-किरणांचा फोटो उजेडात धरला आणि म्हटले, “अम्माजी, हड्डी से हड्डी घिस रही है. अब ज़्यादा चलना-फिरना मत.” गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या रोग्यास हाक मारली. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण अम्मी त्या खोलीतून गोळ्यांबरोबर ते वाक्यही घेऊन घरी आल्या. पुढे आठ महिने प्रत्येक पावलागणिक त्यांच्या कानांत जाते फिरत होते. बाजार सुटला, गच्चीवर जाणे सुटले. नमाजात गुडघे पूर्ण दुमडून बसावे लागते. आजाऱ्यास खुर्चीवर बसून नमाज पढण्याची मुभा धर्माने दिलेलीच आहे, म्हणून त्या खुर्चीवर बसू लागल्या. परंतु ती खुर्ची त्यांना सोय न वाटता शेवटाची सुरुवात वाटू लागली. चालणे बंद झाल्याने मांड्या बारीक झाल्या, आणि मांड्या बारीक झाल्याने गुडघ्यांवरचा भार वाढला. दुखणे कमी व्हावे म्हणून जे केले, त्यानेच ते वाढले.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो पाहिला, पण तो टेबलावर पालथा ठेवला आणि विचारले, “अम्माजी, या गुडघ्यांमुळे काय करता येत नाही, ज्याचं सगळ्यांत वाईट वाटतं?” आम्हांस वाटले, अम्मी दुखण्याचे सांगतील. त्या म्हणाल्या, “जमिनीवर सजदा.” मग डॉक्टर बोलू लागले. गुडघ्यातील कूर्चेत वेदनेचे तंतूच नसतात. फोटोत झीज पुष्कळ असून दुखणे थोडे, आणि झीज थोडी असून दुखणे पुष्कळ, असे नेहमी दिसते. मांडीचे स्नायू हे गुडघ्याचे खरे टेकू आहेत आणि ते बळकट करता येतात, हे त्यांनी हाताने दाखवून सांगितले. खुर्चीत बसून करावयाचा पाय सरळ करण्याचा व्यायाम आमच्यासमोर करून घेतला. “पहिले दोन आठवडे थोडं जास्त दुखेल, ते वापरल्याचं दुखणं आहे, बिघडल्याचं नव्हे. बारा आठवड्यांनी हिशेब करू. दुखणं शून्य होईल असं मी म्हणत नाही. पण जिना मध्ये न थांबता चढाल, असं मला वाटतं.” हे सारे बोलणे दहा मिनिटांचे. गोळी मात्र जवळजवळ पहिलीच.

तीन महिन्यांनी काय झाले, ते आम्ही फुगवून सांगणार नाही. अम्मींचे दुखणे गेले नाही. शून्यापासून दहापर्यंतच्या मापाने त्या पूर्वी आठ म्हणत, त्या आता पाच म्हणू लागल्या. जिना त्या न थांबता चढतात. फजरची नमाज अजूनही खुर्चीवरच होते, कारण पहाटे गुडघे आखडलेले असतात. दुपारनंतरच्या नमाजा जमिनीवर होतात. व्यायामाचा गुण किती आणि बोलण्याचा किती, हे एका उदाहरणावरून सांगता येणार नाही. पण पहिल्या डॉक्टरांच्या वाक्यानंतर अम्मींनी तो व्यायाम केलाच नसता, एवढे निश्चित.

प्रयोगांची साक्ष

एका घरच्या गोष्टीवरून नियम बांधू नये, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. म्हणून आता प्रयोगांकडे वळू.

२०११ साली ऑक्सफर्ड येथे बिंगेल नामक संशोधिका व त्यांचे सहकारी यांनी बावीस निरोगी स्वयंसेवकांच्या पायास ठराविक उष्णतेचा चटका दिला आणि किती दुखते ते शंभरांपैकी आकड्यात सांगावयास लावले. औषधाविना आकडा होता ६६. मग शिरेतून एक प्रबळ वेदनाशामक सुरू केले, पण ते सुरू झाल्याचे सांगितले नाही. आकडा ५५ वर आला. नंतर ‘आता औषध सुरू करीत आहोत’ असे सांगितले. आकडा ३९ झाला. शेवटी ‘औषध थांबवले, आता दुखणे वाढेल’ असे सांगितले. आकडा ६४ वर गेला. वास्तविक या तिन्ही वेळी औषध त्याच मात्रेत चालूच होते! शब्दाने औषधाचा गुण दुपटीहून अधिक केला, आणि शब्दानेच तो जवळजवळ पुसून टाकला. मेंदूच्या छायाचित्रांतही त्याप्रमाणे फरक दिसला; म्हणजे मंडळी केवळ भिडेखातर आकडा बदलीत नव्हती.

हे घडते कसे? आपल्या शरीरात अफूच्या जातीची वेदनाशामक द्रव्ये आपोआप तयार होतात. १९७८ साली अमेरिकेत लेव्हिन, गॉर्डन व फील्ड्स यांनी दाढ काढलेल्या रोग्यांवर प्रयोग करून दाखविले की, औषध म्हणून नुसते निरुपद्रवी पाणी टोचल्यावर ज्यांना आराम पडतो, त्यांना अफूचा परिणाम मोडणारे नालोक्सोन दिल्यास तो आराम ओसरतो. अर्थात विश्वासाने जे मिळाले ते शरीरातीलच खरेखुरे द्रव्य होते. अशा निष्क्रिय औषधाच्या गुणास वैद्यकात ‘प्लासिबो’ म्हणतात. त्याच्या उलट, वाईटाच्या अपेक्षेने जे वाईट घडते त्यास १९६१ साली केनेडी यांनी ‘नोसिबो’ असे नाव दिले.

दुसरा प्रयोग बोस्टनचा, २००८ सालचा. पोटात वारंवार कळा येऊन कोठा बिघडणाऱ्या २६२ रोग्यांचे कॅपचक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन गट केले. पहिल्या गटास केवळ वाट पाहावयास लावले. दुसऱ्यास टोचण्याचा एक लटका उपचार दिला, पण बोलणे बेतास बात ठेवले. तिसऱ्यासही तोच लटका उपचार दिला. मात्र उपचारकाने आस्थेने विचारपूस केली, ऐकून घेतले व उमेद दिली. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगणारे पहिल्या गटात शेकडा २८, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२ होते. उपचार दोन्हीकडे लटकाच. अंतर पडले ते बोलण्याने.

आणि चुकीचा शब्द काय करतो? २०१० साली बाळंतपणाच्या १४० स्त्रियांना कमरेत भूल देताना जी पहिली बारीक सुई टोचतात, तिच्यावर प्रयोग झाला. निम्म्या स्त्रियांना सांगितले, ‘जागा बधिर करीत आहोत, म्हणजे पुढे त्रास होणार नाही.’ निम्म्यांना सांगितले, ‘मोठी मधमाशी डसल्यासारखे होईल, सर्वांत वाईट भाग हाच.’ सुई तीच होती. दहापैकी वेदनेचा मधला आकडा पहिल्यांचा तीन आला व दुसऱ्यांचा पाच.

‘मणक्यात गॅप’

आता आपल्या गावाकडे येऊ. कंबरदुखीचा रोगी भेटला की हटकून ऐकू येते, “मणक्यात गॅप आला आहे.” आम्ही कित्येकांस विचारले की गॅप म्हणजे काय. कोणी म्हणाले भोक, कोणी म्हणाले मणके एकमेकांपासून सुटले. वास्तविक फोटोत बहुधा दिसते ते याच्या उलट, म्हणजे दोन मणक्यांमधील गादी चेपल्यामुळे तेथील अंतर कमी झालेले असते. पण ‘गॅप’ हा शब्द एकदा घरात शिरला की माणूस वाकणे सोडतो, घागर उचलणे सोडतो, नातवाला कडेवर घेणे सोडतो. पाठीचा कणा म्हणजे कच्च्या विटांची उतरंड, अशी त्याची समजूत होऊन बसते.

ही गादीची झीज किती सर्वसाधारण आहे पाहा. २०१५ साली ब्रिंजिकी व सहकाऱ्यांनी, ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या फोटोंचे निष्कर्ष एकत्र केले. विशीतील शेकडा ३७ जणांत, पन्नाशीतील शेकडा ८० जणांत आणि ऐंशीतील शेकडा ९६ जणांत गादीची झीज दिसली. केस पिकतात तशीच गादीही पिकते. पण अहवालात पिकलेल्या केसांचा उल्लेख नसतो आणि पिकलेल्या गादीचा असतो. त्यामुळे दुखण्याचा सारा दोष त्या शब्दावर जातो.

याची परीक्षा आपल्याच देशात, कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये झाली. तेथील मणक्यांचे शल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन व सहकारी यांनी तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध केला. साध्या कंबरदुखीच्या ४४ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटास एमआरआयच्या अहवालातील प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी समजावून सांगितली. दुसऱ्यास सांगितले की, दिसतात ते फरक वयोमानाचे, नेहमीचे आहेत. सहा आठवडे उपचार केल्यावर पहिल्या गटास आपली पाठ अधिक बिघडल्यासारखी वाटत होती, त्यांची धास्ती वाढली होती, दुखण्यात उतार कमी होता आणि हालचालही कमी होती. अहवालात खोटे काही नव्हते. पण सत्याचा अर्थ न सांगता नुसते सत्य हातात दिले तर तेही बाधते. मुलाच्या प्रगतिपुस्तकात नुसते गुण लिहून पाठवले आणि वर्गाची सरासरी सांगितली नाही, तर पालक घाबरतात, तसाच हा प्रकार.

याच जातीचे दुसरे वाक्य म्हणजे “रिपोर्टमध्ये काही नाही.” डॉक्टर हे आनंदाने सांगतात. रोगी मात्र ऐकतो की, “तुम्हांला काही नाही,” अर्थात तुम्ही ढोंग करता. विशेषतः सुना व प्रौढ स्त्रिया यांना हे वाक्य घरीही ऐकावे लागते. त्याऐवजी ‘फोटोत धोक्याचे काही नाही, ही चांगली बातमी, तुमचे दुखणे खरे आहे, ते फोटोत दिसणाऱ्या जातीचे नाही’ असे म्हटले, तर आणखी पाच सेकंद लागतात आणि रोग्याची अब्रू राहते.

तीन भाषांचे दुखणे

आपल्या इंदुरात घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि दवाखान्याच्या कागदावर इंग्रजी, अशी त्रिस्थळी यात्रा असते. मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत! कळ, ठणका, चमक, उसण, रग, ठसठस, आग, मुंग्या, बधिरपणा. हे केवळ भाषेचे वैभव नव्हे. यांत रोगाचे निदान दडलेले आहे. आग, विजेसारखी चमक, मुंग्या व बधिरपणा यांवरून नसेच्या दुखण्याचा संशय येतो. रग, आखडणे व ठणका यांवरून सांध्यांचा व स्नायूंचा. हिंदीतही टीस, जलन, चुभन, झनझनाहट असे शब्द आहेतच. पण घरी मराठी बोलणारी म्हातारी माणसे दवाखान्यात गेली की एका ‘दर्द’मध्ये सारे गुंडाळतात. डॉक्टरांस अर्धी माहिती मिळते, आणि मग उत्तरही अर्धेच मिळते.

नसेच्या दुखण्यात आणखी एक घोटाळा होतो. त्यावर दिली जाणारी काही औषधे, उदाहरणार्थ अमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेन्टिन, ही मुळात उदासीनतेच्या वा अपस्माराच्या रोगासाठी निघालेली आहेत. ती वेदनेची वर्दी मंद करतात, म्हणून येथेही वापरतात. हे रोग्यास सांगितले नाही तर काय होते? घरातील एखादा मुलगा मोबाइलवर औषधाचे नाव शोधतो आणि जाहीर करतो, “आजी, ही तर वेडाची गोळी!” शिवाय या औषधांची गुंगी पहिल्या दिवसापासून जाणवते आणि गुण यावयास काही आठवडे लागतात. आधी त्रास आणि मागाहून फायदा हा क्रम ठाऊक नसलेला रोगी चौथ्या दिवशी गोळी बंद करतो, आणि ‘त्या डॉक्टरांच्या हाताला गुण नाही’ असे सांगत फिरतो. गुण होता, तो येण्याची तारीख तेवढी सांगावयाची राहून गेली.

सोळा आणे व पाच आणे

आमच्या मते सर्व घोटाळ्याचे मूळ एका हिशेबात आहे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे हळूहळू चलनातून गेले. भाषेतून मात्र ते गेले नाहीत. दुखणेकरी दवाखान्याची पायरी चढतो तो सोळा आणे गुण मागावयास. वैद्यकशास्त्राचे माप मात्र निराळे आहे. २००१ साली फरार व सहकाऱ्यांनी जुन्या वेदनेच्या दहा औषध-चाचण्यांतील २७२४ रोग्यांचे आकडे तपासले. दुखणे सुमारे शेकडा तीसने, किंवा दहाच्या मापावर दोनने उतरले, म्हणजे रोगी स्वतः ‘बरे वाटते’ असे म्हणू लागतो, असे त्यांस आढळले. तेव्हापासून शेकडा तीस हा उतार लक्षणीय मानला जातो. शेकडा तीस म्हणजे रुपयातील पाच आणे.

डॉक्टरांच्या मनात पाच आणे, रोग्याच्या मनात सोळा आणे, आणि दोघांमध्ये यावर एक अक्षरही बोलणे नाही. मग पाच आणे खरोखर पदरात पडले तरी रोग्यास अकरा आणे बुडाल्यासारखे वाटते. तो डॉक्टर बदलतो, नवे फोटो काढतो, नवी गोळी घेतो. अखेरीस भिंतीवर ‘गारंटी से छुटकारा’ असे रंगवलेले असते तेथे जाऊन पोचतो, कारण सोळा आण्यांचे वचन देणारा तेवढा एकच उरतो. तेथल्या पुडीने कधी दोन दिवसांत चमत्कार होतो. परंतु अशा काही पुड्यांत गुपचूप स्टिरॉइड मिसळलेले तपासणीत आढळले आहे, आणि त्याची किंमत पुढे हाडे, साखर व रक्तदाब यांना मोजावी लागते.

याचा अर्थ डॉक्टरांनी आशाच दाखवू नये असा नाही. ‘आता काही होणार नाही’ हे वाक्य खोट्या वचनाइतकेच खोटे आहे. आशा व थाप यांतला फरक असा की, आशेला माप असते, मुदत असते आणि रोग्याच्या वाट्याचे कामही असते. थापेला यांतले काहीच नसते. ‘महिन्यात ठणठणीत’ ही थाप; ‘बारा आठवडे हा व्यायाम केलात तर जिना न थांबता चढाल असे वाटते’ ही आशा. आणि माप आकड्यात नसले तरी चालते. कोणास खजराण्याच्या गणपतीपर्यंत पायी जावयाचे असते, कोणास तेथल्याच नाहरशाह वली दर्ग्यापर्यंत, कोणास पाटावर मांडी घालून पूजेला बसावयाचे असते. ज्याचे त्याचे माप त्यालाच विचारावे.

वैद्याने काय सांगावे, रोग्याने काय विचारावे

डॉक्टरांस उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या एका आढाव्यात, प्राथमिक उपचारासाठी येणाऱ्या रोग्यास आपल्या देशात सरासरी सुमारे दोन मिनिटे मिळतात असे दिसले. स्वीडनमध्ये बावीस मिनिटांहून अधिक. बाहेर शंभर माणसे ताटकळत असताना आत शांतपणे बोलणे सोपे नाही. आनंदाची गोष्ट अशी की, २०१९ पासून आपल्या देशात डॉक्टरीच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद हा विषय रीतसर शिकविला जातो. तोवर दोन मिनिटांचे सोने कसे करावे, हे रोग्यानेही शिकले पाहिजे. आम्हांस पाच प्रश्न उपयोगी पडले, ते येथे देतो.

पहिला: हे दुखणे धोक्याचे आहे का? दुसरा: या उपचाराने किती फरक पडावा, व किती दिवसांनी? तिसरा: आधी त्रास होऊन मग गुण येईल असे काही आहे का? चौथा: मी काय करावे, आणि करताना दुखले तर थांबावे की चालू ठेवावे? पाचवा: फरक पडला नाही तर पुढे काय? हे प्रश्न घरून लिहून न्यावेत. दुखण्याचे वर्णनही घरच्या भाषेत लिहून न्यावे, आणि बरोबर एक धडधाकट कान असलेले माणूस न्यावे.

शेवटी उठण्यापूर्वी, “डॉक्टरसाहेब, मला समजले ते असे,” म्हणून ऐकलेले आपल्या शब्दांत परत बोलून दाखवावे. ‘समजले का?’ असे विचारले की सारा वर्ग ‘हो’ म्हणतो, हे आम्ही इतकी वर्षे पाहत आलो. समजले आहे की नाही हे मुलगा फळ्यापाशी येऊन सांगू लागला म्हणजेच कळते. पुष्कळ ठिकाणी आता डॉक्टर व परिचारिका यांनाही हीच रीत शिकवितात.

येथे एक इशारा दिला नाही तर आम्ही दोषी ठरू. शब्दाने मोडलेले हाड जुळत नाही, गाठ विरघळत नाही. कंबरदुखीबरोबर लघवी वा शौचावरचा ताबा गेला, पायांतली शक्ती गेली, मांड्यांमधील जागा बधिर झाली, ताप येऊ लागला, वजन उगीच घटू लागले, किंवा पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, तर प्रश्नांची यादी करीत न बसता त्वरित दवाखाना गाठावा. शब्द हा औषधाचा सोबती आहे, औषधाचा पर्याय नव्हे.

संस्थेपुढे एक लहानशी सूचना ठेवून हा लेख संपवितो. वरील पाच प्रश्न आणि दुखण्याचे मराठी व हिंदी शब्द शेजारी शेजारी छापलेला एक कागद संस्थेने काढावा. आणि ज्यांची मुले परगावी आहेत अशा वृद्धांसोबत दवाखान्यात बसावयास आठवड्यातून एक सकाळ देणारे चार-सहा स्वयंसेवक मिळवावेत. खर्च फार येणार नाही. आमच्या अम्मी त्या कागदाची वाट पाहत आहेत. त्या म्हणतात, “मला तो मोठ्या अक्षरांत द्या. पुढच्या वेळी मीच विचारीन.”